चाकामागचा रबरी बूट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हापूसच्या पेट्यांची शेवटची खेप कणकवलीला पोचवून परत आल्यावर मी आमची पिकअप धुवायला काढली. हंगामाचे तीन महिने ती देवगडच्या सड्यावर बाग ते शेड अशा रोज चार-पाच फेऱ्या मारत असते आणि त्या काळात तिच्या पोटाखाली काय चालले आहे हे पाहायला घरात कोणालाही सवड नसते. पुढची चाके आतल्या बाजूने धुताना उजव्या रिमवर काळ्या, चिकट पदार्थाचा एक पट्टा दिसला. पाण्याच्या फवाऱ्याने वरची लाल माती वाहून गेली, पट्टा मात्र जागचा हलला नाही. बोटांत चोळून पाहिले. ब्रेकचे तेल असते तर ते पातळ लागले असते; हे दाट होते आणि त्यात बारीक कचकच जाणवत होती. खालच्या विशबोनवर (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर), ब्रेकच्या नळीवर आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या पत्र्यावर त्याचे शिंतोडे एका रेषेत उडालेले होते. टॉर्च घेऊन खाली वाकलो, तेव्हा उजव्या बाजूच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटवरील रबरी बुटाच्या एका घडीत करंगळीच्या पेराएवढी चीर सापडली.

दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला हीच खूण मी पाहिली होती, ती चिंधीने पुसून टाकली होती आणि नंतर भर पावसात त्याची पुरेपूर किंमत मोजली होती. त्यामुळे या वेळी ती चीर दिसताच हातातला पाइप बाजूला ठेवला आणि गाडी तशीच शेडमध्ये लावली. पावसाला अजून दहा-बारा दिवस होते.

या बुटाचे काम काय, हे आधी सांगायला हवे. आमच्या गाडीत पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. मध्ये डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) चासीला पक्के बसवलेले असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक शाफ्ट चाकापर्यंत जातो. चाक खड्ड्यात उतरले की शाफ्टचा कोन बदलतो, दगडावर चढले की पुन्हा बदलतो आणि स्टिअरिंग वळवले की बाहेरच्या टोकाला तर मोठाच कोन पडतो. एवढ्या वाकड्या अवस्थेतही शाफ्टने अखंड फिरत राहायचे असते. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि त्या सांध्यांना सीव्ही, म्हणजे समान वेगाचे सांधे, असे म्हणतात.

समान वेगाचे म्हणण्यामागे कारण आहे. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टवर जो साधा क्रॉसचा जॉइंट असतो, तो वाकलेल्या स्थितीत फिरला की पलीकडच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. कोन ३० अंशांचा असेल तर हा चढउतार थोडाथोडका नसतो. अलीकडचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असला तरी पलीकडचा कधी सुमारे १५ टक्के वेगाने पुढे धावतो, तर कधी सुमारे १३ टक्के मागे रेंगाळतो. वळणाऱ्या चाकाला असे हिसके बसले तर गाडी हातात राहणार नाही. फोर्डमधील अभियंता आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२६ मध्ये यावर जो तोडगा काढला, तोच आजही बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांमध्ये, बाहेरच्या टोकाला सापडतो. आतली एक वाटी, बाहेरची एक वाटी, दोन्हींवर कोरलेल्या वक्र खोबणी, त्या खोबणींत सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना एका पातळीत धरून ठेवणारा पिंजरा. शाफ्ट कितीही वाकला तरी पिंजरा त्या सहाही गोळ्यांना कोनाच्या बरोबर मध्यावर ठेवतो, म्हणून दोन्हीकडचा वेग सारखा राहतो. डिफरन्शियलच्या बाजूला, आतल्या टोकाला, बहुधा तीन रोलरांचा ट्रायपॉड जॉइंट असतो. तो फार वाकत नाही, पण आतबाहेर सरकतो, कारण चाक वरखाली झाले की शाफ्टची लांबीही कमीजास्त व्हावी लागते.

या सगळ्या घासाघाशीत वंगण टिकवून धरण्याचे काम एका घडीदार रबरी नळकांड्याचे असते. त्यालाच बूट म्हणतात. त्याला ताकद वाहून न्यायची नसते, फक्त आतले ग्रीस आत आणि बाहेरची माती बाहेर ठेवायची असते. चीर पडली की शाफ्टच्या फिरण्यामुळे ग्रीस गरगरत बाहेर फेकले जाते आणि जी जागा रिकामी होते तिथे पाणी व धूळ शिरते. आमच्याकडची धूळ जांभ्याची. ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरला लावायचा लेप तयार होतो आणि तो लेप त्या आरशासारख्या गुळगुळीत खोबणींवर रात्रंदिवस फिरत राहतो.

जुन्या जीपवाल्यांना ही कटकट नव्हती. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या पुढच्या अखंड एक्सलमध्ये जॉइंट एका मोठ्या पोलादी गोलाच्या आत बंद असे आणि त्या गोलावर बाहेरून नमद्याचे सील फिरत असे. रबराचा बूट नाही, त्यामुळे तो फाटण्याचा प्रश्नही नाही. जिप्सीची आणि आताच्या जिम्नीची रचनाही त्याच कुळातली आहे. त्या गाड्यांचे सील गळते, नकलमधून (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागातून) तेलकट चिखल बाहेर येतो, हाडे खिळखिळी करणारी त्यांची चाल वेगळीच. पण बागेत करवंदाच्या जाळ्या तुडवत जायचे असेल तर त्या पोलादी गोलाचा मला आजही हेवा वाटतो.

आता डाव्या बाजूची हकिगत. त्या वर्षी मार्चमध्येच रिमवर ग्रीस दिसले होते. आमच्या मेस्त्रीकाकांनी चाक हाताने फिरवून, बूट चेपून पाहिला आणि म्हणाले, "जॉइंट अजून गेलो नाय, पण जातलो." हंगाम तोंडावर होता आणि गाडी दोन दिवस उभी ठेवणे मला परवडणारे नव्हते. शिवाय कसलाही आवाज येत नव्हता, हा माझा मोठा युक्तिवाद होता. एप्रिल गेला, मे गेला, आवाज आला नाही. मी मनातल्या मनात मेस्त्रीकाकांना थोडे भित्रेच ठरवले.

जुलैत झाडांना खत घालायचे होते. ५० किलोच्या पंधरा गोण्या मागे भरून वरच्या बागेची घाटी चढत होतो. त्या घाटीत व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडल्यावर लगेच डावीकडे वळण आहे आणि वळणातच जांभ्याची हातभर उंच पायरी आहे. फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये), स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलेले, डावे चाक पायरीला टेकलेले, अशा अवस्थेत मी पाय थोडा जास्त दाबला. पुढून आधी कटकट असा आवाज आला, मग घणाचा घाव बसावा तसा एकच ठोका ऐकू आला आणि पुढची ओढ नाहीशी झाली. मागची चाके चिखलात फिरू लागली. एका बाजूचा शाफ्ट निकामी झाला की उघड्या, म्हणजे लॉक नसलेल्या, डिफरन्शियलमुळे दुसऱ्या बाजूलाही ताकद मिळत नाही, हे पुस्तकात वाचलेले सत्य मला त्या पायरीवर समजले. बागेतल्या गड्याने आणि मी त्या पावसात पंधराच्या पंधरा गोण्या उतरवून झाडाखाली प्लास्टिकने झाकल्या आणि गाडी मागे सरकवत व्हाळापर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले तेव्हा पिंजऱ्याचे दोन तुकडे झालेले होते, एक गोळी खोबणीतून निसटून बुटात पडली होती आणि आत ग्रीस म्हणून जे होते ते वीटभट्टीवरच्या गाऱ्यासारखे दिसत होते. खोबणींच्या कडांना खळगे पडले होते. ते खळगे एका दिवसात पडलेले नव्हते.

मग मार्चपासून जुलैपर्यंत आवाज का आला नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता आणि त्याचे उत्तर हेच मला या लेखात सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या मोटारीत इंजिनाची सगळी ताकद नेहमीच या जॉइंटमधून जाते, त्यामुळे झीज झाली की गल्लीच्या वळणावरच कटकट ऐकू येते आणि शेजारीपाजारीही सांगू लागतात. आमच्यासारख्या, गरजेपुरतीच चार चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये डांबरी रस्त्यावर पुढचे शाफ्ट चाकांबरोबर नुसते फिरत असतात. त्यांच्यावर भार नसतो. भार नाही म्हणून आवाज नाही. पण फिरणे थांबलेले नसते, त्यामुळे फाटक्या बुटातून ग्रीस फेकले जाणे आणि माती आत जाणे चालूच असते. आजार वाढत राहतो आणि लक्षण मात्र नेमके त्या दिवशी प्रकट होते ज्या दिवशी आपण चढावर, वजनासह, चारही चाकांवर विसंबलेले असतो.

ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हब लॉक असतात त्यांचे थोडे वेगळे आहे. हब मोकळे केले की चाक फिरते आणि शाफ्ट स्थिर राहतो, त्यामुळे बुटाचे आयुष्य वाढते. तरीही स्टिअरिंग वळवताना आणि चाक वरखाली होताना तो वाकतोच, आणि एकाच जागी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या घडीत रबर कडक होऊन तडकते. आमच्या गाडीला असे हब नाहीत. बटणाने आत डिफरन्शियलपाशी एक्सल जोडला किंवा सोडला जातो. बाहेरचे दोन्ही जॉइंट मात्र गाडी चालू असेपर्यंत फिरतात. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे मालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

म्हणून परीक्षा कशी घ्यायची तेही बदलते. मऊ मातीचे मोकळे मैदान गाठावे, चार चाकांची ओढ चालू करावी, स्टिअरिंग एका बाजूला जवळजवळ पूर्ण वळवावे आणि अगदी हळू, पण इंजिनवर थोडा जोर देत गोल फिरावे; मग दुसऱ्या बाजूला तसेच करावे. बाहेरचा जॉइंट झिजलेला असेल तर कट-कट असा ठेका चाकाच्या वेगाबरोबर वाढतो. ही परीक्षा डांबरावर घेऊ नये. अशा गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे काही नसते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना सगळी यंत्रणा आखडते आणि जो जॉइंट धड होता तोही दुखावतो. आतला जॉइंट खराब असेल तर कटकट येत नाही. चढावर ओढ देताना गाडीचे नाक डाव्या-उजव्या बाजूला थरथरते आणि पाय सोडला की थरथर थांबते. अर्थात आवाज ऐकू येईपर्यंत थांबणे म्हणजे उशीरच आहे. खरी परीक्षा डोळ्यांची आणि बोटांची आहे. पुढची बाजू जॅकवर उचलून, खाली घोड्या लावून, चाक हाताने फिरवत प्रत्येक घडी अंगठ्याने उघडून पाहावी. चीर घडीच्या तळाशी लपलेली असते आणि वरवर पाहणाऱ्याला बूट अगदी नवा दिसतो.

बूट का फाटतो, याची उत्तरे गाडीगणिक निराळी आहेत. डाव्या बुटाला भोक पडले ते करवंदाच्या छाटलेल्या खुंटामुळे; बागेची कड साफ करताना गडी कोयत्याने तिरका घाव घालतात आणि भाल्याच्या टोकासारखे खुंट मागे राहतात. आता मी ते जमिनीसरशी कापायला सांगतो. उजव्या बुटाची चीर मात्र कशाने टोचून पडलेली नव्हती. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीच्या मध्ये, रबर रबरावर घासून पडली होती, आणि तिचे मूळ वेगळेच निघाले. ही गाडी मी जुनी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगसारखे काम करणाऱ्या, पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्या) पिळून नाक सुमारे दोन इंच उंच करून घेतलेले होते. गाडी दिमाखदार दिसत होती आणि पोट दगडांना लागत नव्हते, म्हणून मीही खूश होतो. परंतु डिफरन्शियल होते तिथेच राहिले आणि चाके त्याच्या तुलनेत खाली गेली, म्हणजे शाफ्ट सरळ रस्त्यावरही कायमचा वाकलेला राहिला. त्या वाकण्यात बुटाची एक बाजू ताणली जाते आणि दुसरीकडच्या घड्या एकमेकींवर दाबल्या जातात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घडी या दोन्ही अवस्थांतून जाते. नवा बूट घालण्यापूर्वी मी टॉर्शन बार सैल करून गाडी जवळजवळ मूळ उंचीवर आणली. दिमाख थोडा गेला. नुसता नवा बूट घालून उंची तशीच ठेवली असती तर दोन हंगामांत पुन्हा हेच काम करावे लागले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुटाचा संच फोंडाघाट चढून कोल्हापूरहून आणला. दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. पहिला, मधून चिरलेला बूट, जो शाफ्ट न काढता भोवती गुंडाळून डिंकाने किंवा स्क्रूने जोडायचा असतो. वेळ वाचतो हे खरे, पण जोडाच्या जागी रबर बाकीच्या भागासारखे वाकत नाही आणि आमच्या रस्त्यांवर तो जोड किती टिकेल याबद्दल मला शंका होती. शिवाय जॉइंट न उघडता बूट बदलायचा म्हणजे आतली माती आतच ठेवून वरून नवे पांघरूण घालायचे. दुसरा पर्याय पूर्ण तयार शाफ्टचा होता, दोन्ही जॉइंट आणि बुटांसह, माझ्या संचाच्या कितीतरी पट किमतीचा, आणि त्यावर कोणत्याही उत्पादकाचे नाव नव्हते. ज्याचे पोलाद कसे आहे हे माहीत नाही असा नवा जॉइंट घालण्यापेक्षा धुऊन तपासलेला मूळचा जॉइंट मला अधिक विश्वासाचा वाटतो. तिसरा पर्याय साधा अखंड बूट, दोन क्लॅम्प, एक सर्क्लिप (खोबणीत बसून भाग जागी धरणारी स्प्रिंगची कडी) आणि ग्रीसची पिशवी. तो घेतला. मूळ बूट कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असेल तर त्याचे क्लॅम्पही जास्त ताकदीने आवळावे लागतात. रबरासाठीची साधी पट्टी त्यावर पुरत नाही, म्हणून जुन्या बुटाचा तुकडा दाखवून क्लॅम्प जुळवून घेतले.

मेस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले. चाकाच्या मध्यावरचे झाकण आणि स्प्लिट पिन काढून मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला, कारण हा नट फार घट्ट असतो. अशा नटांसाठी २०० न्यूटन-मीटरच्या वरचा आकडा नवलाचा नाही, आणि गाडी जॅकवर असताना त्याच्याशी झटापट करणे धोक्याचे आहे. मग मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, घोड्या आणि चाक बाहेर. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला. तो नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. एबीएसच्या सेन्सरची वायर क्लिपांतून मोकळी केली. टाय रॉडचे टोक आणि वरचा बॉल जॉइंट सोडवल्यावर नकल बाहेर झुकली आणि शाफ्टचे टोक लाकडी ठोकळा मध्ये धरून हातोडीने हळूहळू मागे सरकवले. नटाच्या आट्यांवर थेट हातोडी मारून शाफ्ट कायमचा बिघडवलेले लोक मी पाहिले आहेत. आतले टोक पहारीने एकदाच, पण नेमके उचकल्यावर बाहेर आले आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात डिफरन्शियलचे थोडे तेल आले.

शाफ्ट शिकंजात धरताना दोन्हीकडे लाकडाच्या फळ्या ठेवल्या. आमच्या गाडीत बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून निघत नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच ठाऊक असलेले बरे. बाहेरचा बूट बदलायचा असला तरी आतला ट्रायपॉड उघडून, त्याचा तीन रोलरांचा मधला तुकडा आणि शाफ्ट यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन, सर्क्लिप काढून, दोन्ही बूट त्याच बाजूने बाहेर काढावे लागतात. म्हणूनच आतला बूट चांगला दिसत असूनही मी तोही नवा घातला. एवढी खोल वाट पुन्हा चालण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

त्यानंतरचा तासभर मात्र माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा गाभा होता. बाहेरचा जॉइंट केरोसिनच्या घमेल्यात बुडवून, हाताने सर्व दिशांना वाकवत, केरोसिन स्वच्छ दिसेपर्यंत ते तीनदा बदलून धुतला. मग गोळ्या एकेक करून पिंजऱ्याच्या खिडकीत दिसतील अशा फिरवल्या. गोळी आरशासारखी असली पाहिजे. तिच्यावर राखाडी ठिपके, खोबणीत नखाला लागणारा खळगा किंवा खिडकीत गोळीची खळखळ आढळली, तर बूट घालून उपयोग नाही. आमच्या जॉइंटवर एका खोबणीत फिकट चकाकीचा माग उमटला होता, पण नख अडकत नव्हते. मेस्त्रीकाकांनी ते स्वतःच्या अंगठ्याने तीनदा तपासले आणि मानेने होकार दिला. हवेच्या झोताने केरोसिन पूर्ण उडवले, कारण आत राहिलेले केरोसिन नव्या ग्रीसला पातळ करते.

ग्रीसबाबत मी थोडा हट्टी आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात असलेल्या डब्यातले चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस यात चालत नाही. बेअरिंगमध्ये गोळ्या मुख्यतः घरंगळतात. इथे त्या मोठ्या दाबाखाली घरंगळतात आणि घासतातही. त्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीस असते. त्या पदार्थाचे पातळ थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि ग्रीस दाबाने बाजूला ढकलले गेले तरी धातूवर टिकून राहतात. आतल्या ट्रायपॉडच्या पिशवीतले ग्रीस पुष्कळदा वेगळ्या रंगाचे असते. ते तिथेच वापरायचे. आमच्या संचातील बाहेरच्या जॉइंटची पिशवी साधारण १०० ग्रॅमची होती. तिच्यातले निम्म्याहून अधिक अंगठ्याने जॉइंटच्या आत, गोळ्यांच्या मागून बाहेर येईपर्यंत दाबले आणि उरलेले बुटात भरले. पिशवी संपवायची असते. वाचवायचीही नाही आणि वर आणखी ग्रीस कोंबायचेही नाही, कारण मग बूट फुगतो.

बूट चढवण्यापूर्वी शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर नवा बूट जागेवर पोचण्याआधीच आतून कापला जातो. लहान तोंड खोबणीत बसवले, मोठे तोंड वाटीवर चढवले, आणि क्लॅम्प आवळण्यापूर्वी बोथट स्क्रू-ड्रायव्हर कडेखाली सारून आत कोंडलेली हवा सोडली. ही हवा राहिली तर बूट एका जागी आत ओढला जातो किंवा फुगतो आणि घड्या पुन्हा एकमेकींवर घासू लागतात. शाफ्ट बसवताना आतल्या टोकाला नवा सर्क्लिप, बाहेर नवी स्प्लिट पिन, नट पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क पान्याने, तोही चाक जमिनीवर टेकल्यावर. शेवटी डिफरन्शियलचे तेल मापून भरले.

वाटेतच बूट फाटला तर काय करावे, हे मला अनेकांनी विचारले आहे. गाडी दोन चाकांवर ठेवावी, जॉइंटवर भार येऊ देऊ नये, हे पहिले. बाहेरचा चिखल पुसून, चीर कोरडी करून, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पट्ट्या आवळाव्यात. घरी पोचेपर्यंत हे पुरते. महिनाभर पुरेल असे समजू नये.

जॉइंटच तुटला असेल तर प्रकरण गंभीर होते. त्या जुलैत मी मेस्त्रीकाकांना, शाफ्ट काढून टाकू आणि मागच्या चाकांवर गाडी नेऊ, असे सुचवले होते. त्यांनी मला थांबवले. आमच्यासारख्या गाडीत बाहेरच्या वाटीचे दांडके आणि त्यावरचा तो मोठा नट हेच चाकाच्या बेअरिंगला एकत्र आवळून धरतात. ते काढून गाडी चालवली तर बेअरिंग सुटते आणि चाकही जाऊ शकते. त्यांनी तुटलेला जॉइंट तिथेच उघडून मधला शाफ्ट आणि गोळ्या काढल्या, बाहेरची रिकामी वाटी नटासह हबमध्ये परत बसवली, आतल्या टोकाला ट्रायपॉडची रिकामी वाटी तेल गळू नये म्हणून डिफरन्शियलमध्येच राहू दिली आणि तिच्या तोंडाला प्लास्टिक बांधले. चार चाकांच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, म्हणजे माझा हात चुकूनही तिकडे जाऊ नये. ती पट्टी नवा शाफ्ट येईपर्यंत तशीच होती.

उजव्या बाजूचे काम होऊन आता पाच आठवडे झाले आहेत. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा खाली वाकून पाहिले, तेव्हा आतल्या बुटाच्या लहान क्लॅम्पपाशी ग्रीसचा एक बारीक ओलसर पट्टा दिसला. क्लॅम्पचा कान पक्कडीने आणखी एकदा दाबल्यावर तो पुसलेल्या जागी परत आला नाही. कालच खताच्या गोण्या घेऊन व्हाळ ओलांडला. पायरी अजून तिथेच आहे. मी स्टिअरिंग आधी सरळ केले आणि मग चढलो. पुढची तपासणी गणपतीच्या आधी, मुंबईकर मंडळी येण्यापूर्वी, कारण ती आली की गाडीची किल्ली माझ्याकडे नसते.